आत्याने दिलेली राखण

आत्या गेल्याची बातमी चाळीस हिशेबनिसांना माझ्याआधी कळली. सकाळी सव्वादहाला ती आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती आणि तो ग्रुप मी कित्येक वर्षं म्यूट करून ठेवलेला. मोर्शीपासून धारणीपर्यंत लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत होते, तेव्हा तिचा सख्खा भाचा अमरावतीत पोह्यांत मीठ कमी पडलं म्हणून बायकोशी वाद घालत बसला होता. शेवटी अकोल्याहून चुलतभावाचा फोन आला. "सुध्या, तुले मालूमच नाही का? आत्या गेली लेका." तिने चहा केला, गॅस बंद केला, कप भरून घ्यायच्या आधी जरा खुर्चीवर टेकली... आणि टेकलीच. मी बस पकडून अकोल्याला पोचलो तर दारात नातेवाइकांपेक्षा मंडळाचे सभासदच जास्त. मी जवळ गेल्यावर त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. नातलगाला देतात तशीच. पण माझ्याशी कोणी बोललं नाही. तेव्हा मला वाटलं, दुःखामुळे असेल.

निर्मलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाचं जमलं नाही आणि पुढे तिने जमवलंही नाही. बी.कॉम. होऊन अकोल्याच्या दाळ मिलींमधून, दुकानांमधून हिशेब लिहायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसने अमरावतीला यायची, मंडळाच्या सभेला. आम्हां घरच्यांना या मंडळाची मोठी गंमत वाटे. दोन जिल्ह्यांतल्या हिशेबनिसांचं मंडळ! सीए लोकांची मोठी संस्था असते हे ऐकून होतो, पण हिशेब लिहिणाऱ्यांची? माझ्या वडिलांनी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "निर्मले, तुमच्या मंडळाचा गणपती कोणत्या चौकात बसते?" आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, आमच्या मंडळात बसाले परीक्षा द्या लागते. गणपतीलेही."

ती परीक्षा मी दिली. द्यावी लागली, कारण दोनदा बी.कॉम. नापास झालेल्या भाच्याचं काय करायचं हा प्रश्न घरात कोणालाच सुटत नव्हता. मंडळाची परीक्षा पहिल्या वेळी मी तीन मार्कांनी नापास झालो. आत्या तेव्हा मंडळाची चिटणीस. मला वाटलं, तीन मार्क म्हणजे काय, आत्या फुंकर मारील तर वर येतील. गेलो अकोल्याला. तिने जेवायला वाढलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले दोन पोळ्या जास्त वाढीन. मार्क नाही." माझा पेपर तपासायला आला तेव्हा ती खोलीतून उठून बाहेर जाऊन बसली होती, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. सहा महिन्यांनी मी पास झालो. मंडळाचं ओळखपत्र मिळालं त्या दिवशी तिने ते चारदा उलटंसुलटं करून पाहिलं. "आता कोणी विचारलं काय करतं, तर कारकुनी करतो म्हनू नको. मी हिशेबनीस आहो म्हन. अन् चुकला तर मंडळाले येऊन सांग. चुकी घरी झाकून ठेवली का ती सडते." लग्नाच्या बाजारात या पदाचा मला काडीचा उपयोग झाला नाही हा भाग वेगळा. सासरे शेवटपर्यंत मी बँकेत आहे असंच समजत होते आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

मंडळ काय करतं, हे मला विचाराल तर वर्ग घेतं, नवे कायदे समजावून सांगतं, परीक्षा घेतं, असं मी सांगेन. आत्या मात्र एकच गोष्ट सांगायची, आणि ती मंडळाच्या घटनेत कुठेही लिहिलेली नव्हती. सभासद आजारी पडला, कोणी बाळंत झाली, घरात कोणी गेलं, तर त्याचं काम दुसऱ्या सभासदाने जाऊन करायचं आणि तो उभा राहिला की जसंच्या तसं परत द्यायचं. याला आमच्याकडे राखण म्हणतात. शेतातल्या राखणीवरून आलेला शब्द. पीक दुसऱ्याचं, आपण फक्त बांधावर बसायचं. धारणीच्या इंगोलेभाऊंचा जीपमधून उतरताना पाय मोडला, तेव्हा आत्या दर शनिवारी मेळघाटातल्या त्या खड्ड्यांतून एसटीने जायची, दीड महिना. काम संपलं तेव्हा तिथले दुकानदार साडी घेऊन उभे, "बाई, आता तुमीच या." आत्याने काम इंगोलेभाऊंच्या हवाली केलं आणि साडी दुकानदाराला परत केली. "रंगही काही खास नव्हता," असं वर मला म्हणाली. मी तेव्हा विचारलं होतं, हा नियम लिहून का काढत नाही तुम्ही? तर म्हणाली, "लिवला असता म्हंजे तुयासारख्यांनी त्यात फट शोधली असती."

आता जे सांगायचं ते मी इतका वेळ टाळत होतो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल...

जीएसटी आला त्याच्या थोडं पुढे आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने घरी. तिच्या कामातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे अकोल्याची एक दाळ मिल, वीस वर्षांची. मंडळाच्या सभेत तिने स्वतः माझं नाव दिलं. "सुधाकर बसेल राखणीले. घरचाच आहे." मी आठवड्यातून दोनदा अमरावतीहून जायला लागलो. आत्याचं अक्षर मोत्यासारखं, पण कॉम्प्युटरवर तिचा हात एका बोटाने चालायचा. मी दहाही बोटांनी काम करतो याची मला तेव्हा फार ऐट होती. मालकांचा मुलगा पीयूष नुकताच पुण्याहून शिकून आलेला. एका क्लिकवर सगळं समोर दिसतं म्हणून तो माझ्यावर खूश. चहाबरोबर मला बिस्किटं येऊ लागली. माणूस बिस्किटांनी बिघडतो हे मी अनुभवाने सांगतो.

तीन महिने झाले आणि आत्याचा फोन आला. "आता मी जिना चढून राहिली बरं का. एक तारखेपासून येतो म्हनते मी." मी म्हणालो, "घाई काय आहे आत्या? आराम कर ना." काळजीच्याच सुरात म्हणालो. ती काळजी नव्हती हे फोन ठेवतानाच मला ठाऊक होतं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं."

महिनाभराने ती स्वतःच आली. ऑटोने, हातात काठी. मी तिच्या जागेवर, तिच्या खिडकीशी, स्क्रीनकडे तोंड करून बसलेलो. पीयूष उठून उभा राहिला, अगदी आदराने खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाई, आता तुमी आरामच करा. सुधाकरभाऊ पाहतात सगळं." आत्याने त्याच्याकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आता बोलायची पाळी माझी होती. एवढंच म्हणायचं होतं, नाही पीयूषभाऊ, ही जागा बाईंची आहे, मी राखणीवर आहे. आठ-नऊ शब्द. मी प्रिंटचं बटण दाबलं. काही छापायचं नव्हतं, पण प्रिंटर सुरू झाला आणि त्याच्या आवाजात ते आठ-नऊ शब्द राहून गेले. आत्याने चहा पूर्ण घेतला. उठताना मला म्हणाली, "ही खिडकी लावून घेत जाय. दाळीची धूळ जाते मशीनमध्ये." जागा कशी सांभाळायची ते मला सांगून, काठी टेकत ती पायऱ्या उतरली.

तिने तक्रार केली नाही. ती मंडळाची चिटणीस, एक कागद पुढे सरकवला असता तर माझं सभासदत्व गेलं असतं. मी महिनाभर त्या कागदाची वाट पाहिली, आला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला आणि मंडळात जाणं बंद केलं. सभा माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. आत्या बदललेला गुडघा घेऊन अकोल्याहून दोन-अडीच तासांची बस करून यायची आणि मला मात्र नेमकं पहिल्या रविवारी कोणाचं तरी बारसं असायचं, नाहीतर पाठ धरायची. लग्नकार्यांत भेट व्हायची. पूर्वीसारखीच पानात आग्रह करकरून वाढायची आणि निघताना एकच वाक्य, "मंडळाले येजो." मला वाटायचं, विसरली. मग वाटायला लागलं, माफ केलं. माणसाला स्वतःच्या सोयीचं काहीही वाटू शकतं. ग्रुपवर तिच्या सूचना यायच्या म्हणून मी ग्रुप म्यूट केला, तो कायमचाच.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शोकसभा होती. तेव्हा गेलो. नवे चिटणीस इंगोलेभाऊ, तेच, धारणीचे. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग लोक बोलले, मीही चार शब्द बोललो, फार छान बोललो असं मला बोलतानाच वाटत होतं. मग इंगोलेभाऊंनी चष्मा पुसला. "आता शेवटचा विषय. बाई दर सभेत वाचत, मीही वाचतो." ती राखणीची यादी होती. कोणाचं काम, कोणाकडे, चालू की परत. दर्यापूरचं एक काम, परत. मूर्तिजापूरचं एक, चालू. मग त्यांचा आवाज जरासा खाली आला. "दाळ मिल, अकोला. काम निर्मलाबाईंचं. राखण सुधाकर यांच्याकडे. चालू."

एवढी सगळी वर्षं, दर महिन्याला, आत्या हे स्वतःच्या तोंडाने वाचत होती. चाळीस माणसं ऐकत होती.

सभा संपल्यावर मी जिन्यात इंगोलेभाऊंना गाठलं. "मला कोणी सांगितलं नाही," म्हणालो. हे वाक्य किती केविलवाणं आहे हे मलाही कळत होतं. ते म्हणाले, "बाईंनी मना केलं होतं. येईल तेव्हा ऐकेल म्हणे. एकदा आमी म्हनलं, बाई, काढून टाका ना ते नाव, आमाले ऐकाले कसंतरी वाटते. तर म्हनल्या, काढाले काय झालं? पोरगं राखणीवरच आहे. त्यानं घेतलं असं म्या कुठं म्हनलं?"

दुसऱ्या दिवशी मी मिलीत गेलो. पीयूष आता मालकाच्या खुर्चीत बसतो, पोट सुटायला लागलंय. मी सांगितलं की हे काम मी सोडतोय, हे काम माझं कधी नव्हतंच, निर्मलाबाईंचं होतं. तो आठवत राहिला. "निर्मलाबाई... काठीवाल्या? हाव, हाव. तुमी सुटीवर असले की तुमच्या बदली येत होत्या न त्या?" मी त्याला समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. तो मान डोलवत होता, पण त्याच्या डोक्यात ते उलटंच पक्कं झालेलं. वीस वर्षं ती त्या खिडकीशी बसली आणि तिथे ती माझी बदली होती. हे दुरुस्त करायला मी फार उशिरा पोचलो होतो... मंडळाने ते काम अकोल्याच्या एका नव्याने पास झालेल्या मुलीला दिलं. तिला सगळं दाखवून, चाव्या देऊन मी बाहेर पडलो.

त्यानंतरच्या सभेत शेवटचा विषय आला. इंगोलेभाऊंनी यादी काढली, माझ्या नावाशी थांबले आणि भल्या मनाने म्हणाले, "सुधाकरभाऊ, काम तर आता तुमच्याकडे नाही. परत लिहून टाकतो." मग पेन टेकवून, नेहमीच्या रिवाजाने विचारलं, "कोणाले परत केलं?"

मी उभा राहिलो. त्या मुलीचं नाव तोंडात होतं, पण काम तिचं कुठे होतं? खोलीतले सगळे वाट पाहत होते, कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, आणि खरं सांगतो, राग असता तर सोपं गेलं असतं.

"चालूच राहू द्या," मी म्हणालो.

इंगोलेभाऊंनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचं नाव वाचलं. आता पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो. यादी शेवटी असते, तोवर थांबतो.