तालमीच्या मातीची फुगडी

मला फुगडी येत नव्हती, आणि हे मी लग्नाआधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बघायला आलेल्या मंडळींनी मला चालायला लावलं, वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. गरगर फिरून दाखव असं एकही जण म्हणाला नाही. म्हणाला असता तर ते लग्न तिथंच मोडलं असतं आणि मी सोलापुरातच कुणाच्या तरी घरी सुखानं एका जागी बसून राहिले असते.

सोलापूर माझं माहेर. तीन भावांत मी एकटी मुलगी. विटीदांडू खेळले, मांजा घोटला, गोट्यांत भावांना लुटलं. पण फुगडीला दुसरी बाई लागते. आई होती, पण तिला चुलीपुढून उठायला फुरसत नव्हती.

कोल्हापुरात आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचे हे एका शाळेत कवायतीचे मास्तर, आणि रोज पहाटे तालमीत जाणारे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणायची. माहेर त्यांचं पन्हाळ्याच्या पायथ्याचं. उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला महाकंजूष. ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ या दोन शब्दांवर त्यांचा बहुतेक संसार झाला होता. त्यामुळं त्यांच्या मनात काय चाललंय हे मला पहिली दोन वर्षं तरी कळलं नाही.

आमच्या गल्लीत गौरी म्हणजे मोठं प्रकरण. पहिल्या दिवशी तेरड्याच्या गौरी यायच्या, त्यांना शेपूची भाजी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. आणि त्या पुरणपोळ्या पोटात जातायत न जातायत तोवर सगळ्या बायका गिरणीवाल्या काकींच्या चौकात जमायच्या, झिम्मा-फुगडीला. या काकींच्या घरची पिठाची गिरणी. गल्लीचं सगळं दळण त्यांच्याकडं यायचं आणि दळणाबरोबर बातम्याही. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं भरलेल्या, पण फुगडीला उभ्या राहिल्या की त्यांच्यापुढं विशीतल्या पोरी टिकत नसत. नव्या सुनेची पहिली फुगडी काकींबरोबरच व्हायची, हा रिवाज. कुणी ठरवला विचारलं तर काकींनीच.

माझी पहिली गौर. मला ओढून मधे उभं केलं. चवडे चवड्यांना भिडवायचे, हातांची फुली करायची, अंग मागं टाकायचं आणि फिरायचं. लिहायला सोपं आहे. काकींनी पहिला हिसका दिला आणि गौरी, खांब, काकींची नथ, बायकांची तोंडं, सगळं एकात एक मिसळलं. काकी वर तोंडानं पकवा काढत होत्या, पक्‌ पक्‌ पक्‌, आणि तो आवाज मला कधी उजव्या कानात, कधी डाव्या कानात ऐकू येत होता. मी कसेबसे हात सोडवले, मोरीकडं धावले आणि दुपारची पुरणपोळी तिथं अर्पण केली.

चौकात सामसूम झाली. मग काकींचा आवाज आला, “गोड बातमी हाय की गं.”

मी जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणाले. त्यानं भोवळ आणखी वाढली आणि मी खांबाला धरलं. बायकांना वाटलं, लाजतेय. लगेच एकीनं मला बसायला पाट दिला, दुसरीनं डोक्यावरून हात फिरवला, तिसरीनं मुलाचं नावही सुचवलं.

पुढचा आठवडा मी असा काढला की शत्रूवर वेळ येऊ नये. गल्लीतून चिंचा आल्या, आवळे आले, काकींनी स्वतः लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून दिली. आत्तींनी माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि अंबाबाईला नारळ ठेवून आल्या. मला पक्कं माहीत होतं की असं काही नाही, पण सासूला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, मी काय सांगू, आणि अवेळी तालमीला निघून गेले. तो तिढा शेवटी महिन्याच्या हिशेबानंच सुटला. त्या काळी बाई अडचणीची असली की कोपऱ्यात वेगळी बसायची, आणि आलागेला प्रत्येक जण ते बघायचा. मला तिथं बसलेली बघायला पहिल्या आल्या त्या काकी. त्यांनी एक सुस्कारा सोडला, फडताळाजवळ गेल्या आणि लोणच्याची बरणी परत घेऊन गेल्या. त्यातली अर्धी लिंबं मी खाल्ली होती, ती तेवढी वाचली.

आत्ती काही बोलल्या नाहीत. उठून माझ्या अंथरुणाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि कामाला लागल्या. त्या गप्प राहण्याचं मला फार लागलं. मला वाटलं, आत्तींचं मन माझ्यावरून उडालं.

नंतर वर्षभर गल्लीतली प्रत्येक बाई मला वाटेत थांबवून विचारायची, “काय, भोवळ-बिवळ?” नळावर विचारायची, देवळात विचारायची, बोहारणीपुढं विचारायची. मला मूल हवं होतं, नाही असं नाही. पण ते हवं असणं माझं माझ्यापाशी होतं, ते या बायकांनी नळावर आणून ठेवलं. मला रडू यायचं, आणि रडण्याहून राग जास्त यायचा. पुढची गौर जवळ आली तशी मी ह्यांना सांगून टाकलं की यंदा काकींबरोबर फुगडी घालीन आणि भोवळ न येता घालीन, नाहीतर गौरी बसायच्या आधी सोलापूरची गाडी धरीन.

ह्यांनी उठून दार लावलं, धोतराचा काचा मारला आणि माजघरात मधोमध येऊन शड्डू ठोकला.

आता पुरुषानं फुगडी घालणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. पण दुसरं होतं कोण? बरं, आत्तींचाही अडथळा नव्हता. त्या पूर्वी फक्त मंगळवारी-शुक्रवारी देवळात जायच्या, त्या दुसऱ्याच दिवसापासून रोज दिवेलागणीला अंबाबाईला जायला लागल्या. माझ्या पोटासाठीच साकडं घालत असणार, असं मला वाटायचं, आणि त्यानं जीव आणखी घाबरा व्हायचा.

ह्यांना फुगडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कवायत आणि कुस्ती या दोन गोष्टींत जगातलं सगळं बसतं अशी त्यांची श्रद्धा होती. पायाकडं बघायचं नाही. कंबर ढिली सोडायची नाही. वजन टाचेवर नको. नजर समोरच्यावरून हलवायची नाही. “माझ्या मिशीकडं बघ,” असं म्हणायचे. मी मिशीकडं बघायची. ती मिशी मोठी कर्तव्यदक्ष होती, प्रत्येक गिरकीला थरथरायची. मला हसू फुटायचं, हात सुटायचे आणि हे फडताळावर जाऊन आदळायचे. भांडी खाली येत.

त्यात त्यांची एक खोड. हाताला हात भिडून अंग तापलं की त्यांचा पाय आपोआप समोरच्याच्या पायामागं जायचा. एकदा चांगली गिरकी जमली होती, मी जन्मात पहिल्यांदा मजेत होते, आणि ह्यांनी मला टांग मारली. मी निवडून ठेवलेल्या तांदळाच्या सुपात बसले. माफीबिफी नाही, उलट म्हणाले, “हाताची पकड ढिली हाय तुझी.” त्या रात्रीची भाकरी मी जाणूनबुजून करपवली.

धडधड शेजारी ऐकू जायचीच. पलीकडच्या म्हाताऱ्यांनी ह्यांना विचारलं, मास्तर, तालीम असताना घरात का मेहनत करता? हे पटकन बोलून गेले की तालमीचं छप्पर गळतंय, माती ओली आहे. झालं, रविवारी सकाळी तालमीतली पोरं शिडी आणि कौलं घेऊन छपरावर चढली. दुपारपर्यंत गळती काही सापडेना. हेही त्यांच्यात वर चढून, कपाळाला आठ्या घालून शोधत होते.

हळूहळू भोवळ कमी झाली. मिशीवर नजर ठेवली की बाकीचं घर खुशाल फिरू दे, मला त्याचं काही वाटेना. पण तळहाताला घाम यायचा आणि पकड निसटायची. पीठ लावून पाहिलं, त्याची कणीक झाली. मग एके दिवशी ह्यांनी तालमीतून रुमालात बांधून आखाड्याची माती आणली. तांबडी, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, मऊ. ती हाताला चोळली आणि पकड अशी बसली की सोडवताना हिसका द्यावा लागला.

मला मात्र भीती वाटली. बाईमाणसानं तालमीत पाय ठेवायचा नाही, आणि तिथली माती फुगडीला? हे म्हणाले की मारुतीला विचारूनच आणलीय. मी विचारलं, मग मारुती काय म्हणाला?

“न्हाय म्हणाला न्हाय.”

गौरीच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी मी बेतानंच खाल्ली. माती पदराच्या टोकाला गाठीत बांधली. काकींच्या चौकात गेले तर सगळ्या बायका वर्षभर याचीच वाट बघत असल्यासारख्या बसलेल्या. आत्ती नेहमीप्रमाणं मागं भिंतीला टेकून बसल्या. सून आली की सासूनं पदर खोचून खेळायचं नाही, असं त्या मानायच्या.

मी वळून हळूच हाताला माती चोळली आणि काकींपुढं उभी राहिले. आता पंचाईत अशी की काकींना मिशी नव्हती, म्हणजे नजर ठेवण्याजोगी नव्हती. पण नथ होती. मी त्या नथीच्या टपोऱ्या मोत्यावर डोळे रोवले आणि फिरायला लागले. काकींनी हिसका दिला, मी दिला. त्यांनी पकवा काढला, मीही काढला. चौक फिरला, गौरी फिरल्या, मोती जागच्या जागी राहिला. शेवटी काकीच “थांब गं, थांब” म्हणाल्या आणि हात सोडून धापा टाकायला लागल्या. मी सरळ उभी होते. एवढा आनंद मला मॅट्रिक झाले तेव्हाही झाला नव्हता.

काकींनी मला खालून वर न्याहाळलं. मग बायकांकडं वळून म्हणाल्या, “एवढी फिरली आणि पोरीला कायबी झालं न्हाय. म्हंजे यंदाबी न्हाय.”

आणि सगळ्या चौकातून ‘च्‌ च्‌’ असा आवाज आला.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भोवळ आली तरी मी फसले होते आणि नाही आली तरी फसलेच. डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मी दाराकडं निघाले तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या आत्ती उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, माझ्यापुढं आल्या आणि हात पसरला.

“माती दे.”

माझं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्या पदराची गाठ स्वतःच सोडली, माती तळहातांवर नीट चोळली आणि काकींचे हात धरले. काकी म्हणत होत्या, अगं, आत्ता तर फिरले, दम तर खाऊ दे, आणि तुझं वय काय. आत्तींनी ऐकून घेतलं नाही. अशी फुगडी मी त्यानंतर पुन्हा पाहिली नाही. आत्ती पकवा काढत नव्हत्या, हसत नव्हत्या, जात्यावर बसल्यासारख्या शांतपणे वेग वाढवत होत्या. काकींचा पकवा बंद पडला. मग अंबाडा सुटला. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि फुगडीत डोळे मिटले की संपलंच. आत्तींनी त्यांना अलगद खांबाशी आणून सोडलं. काकी खाली बसल्या आणि तोंडावर हात दाबून धरला.

चौकात सामसूम झाली. आत्ती काकींकडं बघत, जराही न हसता म्हणाल्या, “गोड बातमी हाय की गं.”

काकींना सहा नातवंडं होती. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा चौकच हसायला लागला. आत्ती माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, “जा, काकींना लोणच्याची फोड आण.”

मी काकींच्याच फडताळातून ती ओळखीची बरणी काढली आणि फोड आणून दिली. काकींनी ती तोंडात धरली. जरा बरं वाटल्यावर त्यांनी आपली मनगटं बघितली, त्यावर माझ्या आणि आत्तींच्या बोटांचे तांबडे ठसे होते. त्यांनी माती हुंगली आणि तालमीची आहे हे ओळखलं. मग आत्तींना म्हणाल्या, “म्हंजे रोज दिवेलागणीला माझ्या कट्ट्यावर येऊन बसत हुतीस, मला तुमच्या दाराकडं फिरकू देत न्हवतीस, ते ह्यासाठी व्हय?”

“व्हय,” आत्ती म्हणाल्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. अंबाबाई नाही, साकडं नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याची ती अबोल बाई माझ्यासाठी रोज संध्याकाळी काकींशी गप्पा मारत बसली होती. तिला केवढे कष्ट पडले असतील. आता मला खरोखरच रडू आलं, आणि काकींनी लोणच्याची दुसरी फोड माझ्या हातात कोंबली.

माझी थोरली झाली ती पुढं दोन वर्षांनी. त्या वेळी मला एकदाही भोवळ आली नाही, त्यामुळं गल्लीला पोट दिसेपर्यंत पत्ताच नव्हता. काकींना ते कायमचं लागून राहिलं.

पण मी सांगत होते ते त्याच वर्षीचं. गौरी पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आत्ती बाहेर पडल्या नाहीत. पदर खोचून माजघरात मधोमध उभ्या राहिल्या आणि ह्यांच्याकडं बघितलं.

“तू जा तालमीला,” त्या म्हणाल्या. “जाताना दार लाव.”

मग त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात केले.