भिमाजींची लाल चिंधी

डिंगोऱ्याच्या भिमाजींवर कुणीतरी लिहायला हवं होतं. लिहिणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. आळेफाट्याला एका खासगी दवाखान्यात मी पंधरा वर्षं एक्स-रे काढले, एवढीच माझी पात्रता.

भिमाजी शेतकरी. हाडं बसवणं त्यांच्याकडे वडिलांकडून आलं होतं. त्याबद्दल नारळाशिवाय काही घेत नसत. आलेल्या माणसाला पडवीत बसवून ते डोळे मिटून बोटं फिरवायचे. कांदा किती निघाला, पोरगी कुठं दिली, असं विचारत राहायचे आणि तो माणूस उत्तर देत असतानाच हाड जागेवर बसवायचे. मग बांबूच्या कामट्या बांधायच्या.

काही हाडांना मात्र ते हात लावत नसत. तिथे नुसता आधाराला कामट्या बांधायचे आणि शंकेच्या जागेवर लाल चिंधी. "फाट्याला पोपटरावांकडं जा, फोटो काढा," म्हणायचे. पोपटराव म्हणजे मी. मी चिंधी बघून फोटो काढायचो, पुढचं आमचे डॉक्टर ठरवायचे. चिंधीची जागा चुकलेली मला आठवत नाही. मला आठवत नाही म्हणजे कधी चुकली नाही, असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही.

अठ्ठ्याण्णव साली तपासणीला एक साहेब आले. यंत्र बघून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागितल्या. मी चिंध्या दाखवल्या. त्यांनी शांतपणे समजावलं की ही किरणं आहेत, ज्याला त्याला मागता येत नाहीत. ते बरोबरच होतं. आमच्याकडे लोक पोटात दुखलं तरी फोटो मागत. दुसऱ्या दिवशी पाटी लागली: डॉक्टरांच्या सहीशिक्क्याच्या चिठ्ठीशिवाय एक्स-रे काढला जाणार नाही.

भिमाजी आले तेव्हा मी त्यांना पाटी वाचून दाखवली. त्यांनी कोणता डॉक्टर चालेल ते विचारलं. ज्याच्या शिक्क्यात नंबर असतो तो, असं मी सांगितलं. इथे चूक माझी झाली.

पुढच्या आठवड्यापासून चिंधीबरोबर चिठ्ठीही येऊ लागली. सही, शिक्का, नंबर, सगळं जागच्या जागी. मी अवयव वाचायचो आणि फोटो काढायचो. चिठ्ठीवर 'डावा पुढचा' असं असायचं. चिंधी डाव्या मनगटावर असायची, त्यामुळे अडचण आली नाही. असं चौदा महिने चाललं.

मग ते साहेब पुन्हा आले. चिठ्ठ्या चाळताना एका चिठ्ठीवर थांबले आणि मला विचारलं, "हा पेशंट किती पायांचा होता?"

"दोन," मी म्हणालो.

चिठ्ठ्या जनावरांच्या डॉक्टरांच्या होत्या. छापील कागदावर गाय, बैल, म्हैस, शेळी खोडून खाली 'मनुष्य' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. भिमाजींनी त्या डॉक्टरांना बैलांची हाडं बसवायला कितीदातरी हात दिला होता. शिवाय गावात डॉक्टर म्हटलं की तेच. शिक्क्यात नंबर होताच.

साहेबांनी मला लेखी ताकीद दिली. पुन्हा असं झालं तर यंत्राला सील लागेल आणि मला घरी बसावं लागेल, असं त्यात होतं. कुणाची चिठ्ठी चालेल याची यादीही दिली. दातांच्या डॉक्टरांची चालेल, पण फक्त दातांसाठी. यादी मी यंत्राशेजारी चिकटवली.

त्यानंतर महिनाभरातच भिमाजी जीप घेऊन आले. मागे गादीवर त्यांच्या पत्नी अंबाबाई. गोठ्यात पाय घसरून पडल्या होत्या. उजव्या खुब्यावर लाल चिंधी होती. भिमाजींनी चिठ्ठी पुढे केली. मनुष्य, मादी, वय साठ, उजवा मागचा.

मी चालणार नाही म्हणालो. त्यांना यादी वाचून दाखवली. आमचे डॉक्टर पुण्याला लग्नाला गेले होते, चारला येणार होते. तेव्हा अकरा वाजले होते. मी नारायणगावला न्यायचं सुचवलं. भिमाजींनी मान हलवली. जीपचे आणखी धक्के तिला सोसणार नाहीत, म्हणाले.

फाट्यावर त्या दिवशी फक्त दातांचे डॉक्टर होते. मी त्यांच्याकडेही जाऊन आलो. ते आले, अंबाबाईंना दुखण्याची सुई दिली आणि चिठ्ठी देता येत नाही म्हणून हात जोडले.

भिमाजींनी काही मागितलं नाही. दवाखान्याबाहेरचं बाकडं सावलीत ओढलं, अंबाबाईंना अलगद त्यावर घेतलं आणि पाय हलू नये म्हणून पाच तास हातात धरून बसले. अंबाबाईंनी एकदाच मला विचारलं, "यंत्र बिघडलंय का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

यंत्राची खोली तिथून दहा पावलांवर होती. मी तिची किल्ली खिशात ठेवून खिडकीत उभा होतो. ताकीद घडी करून त्याच खिशात होती. आपण बरोबर केलं का, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

डॉक्टर सव्वाचारला आले. तपासून त्यांनी चिठ्ठी लिहिली, मी फोटो काढला. खुब्याचं हाड चिंधीच्या बरोबर खाली मोडलं होतं. पुण्याला ऑपरेशन झालं. अंबाबाई पुढे काठी घेऊन चालत.

त्यानंतर डॉक्टरांनी एक ठरवून टाकलं. लाल चिंधी दिसली की त्यांना लगेच बोलवायचं, आणि ते नसतील त्या दिवशी ओतूरच्या एका डॉक्टरांना फोन करायचा. ते येऊन तपासत आणि चिठ्ठी देत. नियमाला धक्का लागला नाही आणि चिंधीही चालू राहिली.

भिमाजी त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत. दोन हजार चार साली दवाखान्याच्या बाथरूममध्ये पडून माझं मनगट दुखावलं. माझं यंत्र वीस पावलांवर असताना मी एसटीने डिंगोऱ्याला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली, अंबाबाईंची तब्येत बरी असल्याचं सांगितलं आणि चिंधी बांधली.

"फोटो काढा," म्हणाले. "यंत्र तुमचं हाय, पण चिठ्ठी घ्या मातर."

फाट्याला परतलो तर डॉक्टर बाहेर गेले होते आणि ओतूरचा फोन लागेना. मी दोन तास त्याच बाकड्यावर बसलो. बाकडं तोवर उन्हात आलं होतं.