हर्णैचं बंदर आणि खिळे ठोकलेली खिडकी

आमच्या फोटोग्राफी ग्रुपचे अ‍ॅडमिन सर तसा शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी वैतागून व्हॉइस मेसेज टाकला. विषय दिला होता ‘चौकट’. म्हणजे दार, खिडकी, कमान अशा आयत्या चौकटीतून पलीकडचं दृश्य टिपायचं. आणि ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी वेरूळ गाठून लेण्याच्या दारातून बाहेरचा उजेड काढून पाठवला होता. मीही पाठवला होता. सगळे फोटो एकाखाली एक पाहिले तर एकाच माणसानं चुकून बटण दाबून ठेवल्यासारखं वाटत होतं. सर म्हणाले, “यापुढं कुणी वेरूळ पाठवलं तर ग्रुपमधून काढीन. मी पाठवलं तर मलाही काढा.”

मी वेरूळपासून तासाभरावरच्या बजाजनगरात पार्लर चालवते. नवरीचे फोटो नीट यावेत म्हणून जुना कॅमेरा घेतला आणि त्याचा नाद लागला. सरांचा मेसेज ऐकून मी नवऱ्याला, संतोषला, म्हटलं, “मला खिडकीतून बंदराचा फोटो काढायचाय.”

“जायकवाडीला जाऊ की. पाणी आहे, होड्या आहेत.”

“ते धरण आहे, संतोष.”

त्यानं सुट्टी टाकली, कारण कंपनीत राहिलेल्या सुट्ट्या तशाही वाया जाणार होत्या. मग त्यानं मोठ्या बहिणीला, आमच्या आक्कांना फोन लावला. आक्का फुलंब्रीजवळ वस्तीवर राहतात. थोडी शेती, बाकी शेळ्या-मेंढ्या. साठीच्या आसपास आल्या, पण समुद्र पाहिला नव्हता. फोन स्पीकरवर होता.

“आक्का, बंदर बघायला चलता का?”

“बंदर?” आक्का म्हणाल्या. बाजारात शेळ्या विकून विकून त्यांची हिंदी पक्की आहे. “त्याच्यासाठी कामून एवढ्या लांब? म्हैसमाळच्या घाटात गाडी थांबव, टपावर येऊन बसत्यात.”

माकडं नाही, समुद्राचं बंदर, हे समजावण्यात पाचेक मिनिटं गेली. पण आक्का तयार झाल्या. शेळ्या लेकावर सोपवल्या आणि भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं एका कुटुंबाला आठवडाभर पुरेल एवढं गाठोडं घेऊन पहाटे हजर झाल्या.

रस्ता

जाणार असाल तर आमचा मार्ग सांगते: अहिल्यानगर, शिरूर, पुणे, मग ताम्हिणी घाटानं माणगाव आणि पुढं आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड करत दापोली. तिथून हर्णै जवळ आहे. पुण्याच्या अलीकडं गर्दी लागते, तेव्हा उजाडायच्या आत निघा. मंडणगडनंतर वळणं इतकी आहेत की पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. आमचं भरलेलं होतं. ठेच्याचा दोष नाही, प्रमाणाचा होता.

ताम्हिणीत संतोष आणि मी हिरवा डोंगर बघून हरखलो होतो. आक्का मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून चिडल्या होत्या. “एवढा पाला! अन् एक शेळी दिसंना. हितली मान्सं करत्यात काय?”

समुद्र पहिल्यांदा दिसला तो हर्णैच्या उतारावर. संतोषनं गाडी बाजूला घेतली. आक्का उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्याला पलीकडचा काठ नाय व्हय?”

“आहे, पण दिसत नाही.”

“मग दिसत नाय तर अडतंय कशाला?”

आम्ही गाडीत बसलो.

सी व्ह्यू

लॉज फोनवरच ठरवला होता. नाव सांगत नाही. ‘सी व्ह्यू रूम’ म्हणून शंभर-दोनशे जास्तीचे लावले होते. खोलीच्या खिडकीतून पाण्याची काळी टाकी दिसत होती. मी खाली जाऊन विचारलं, तर मॅनेजर अगदी प्रामाणिक चेहऱ्यानं म्हणाला, “बाथरूममधून बघा ना मॅडम.”

बाथरूमला वर एक झरोका होता. बादली पालथी घालून मी वर चढले. खरंच समुद्र होता. वहीच्या कागदाएवढा, वर तारेची जाळी आणि जाळीवर एक पाल. मी म्हटलं, हीच आपली चौकट. कॅमेरा वर धरला, श्वास रोखला आणि तेवढ्यात आक्कांनी दारावर थाप मारली. “वैशाली, बरं हाय का तुला? लई येळ झाला!” मी दचकले, बादली सरकली, मी नळाला धरलं आणि नळ सुरू झाला. कॅमेरा वाचला. मी वाचले नाही. त्या फोटोत पाल फारच सुंदर आली आहे.

खिडकी शोधताना

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या अंगानं जाणाऱ्या गल्लीत शिरलो. घरं एकाला एक लागून, दारात जाळी वाळत घातलेली, सुक्या मासळीचा वास. आक्का माझ्या पुढं. मला लोकांच्या घरात डोकावायला संकोच वाटत होता. आक्कांना असल्या संकोचाची सवय नाही. त्या दार दिसलं की विचारायच्या, “बाई, तुमची खिडकी बघू का?”

पहिल्या घरी वाटलं, आम्ही मोजणीवाले आहोत. दुसऱ्या घरी वाटलं, मुलगी बघायला आलोय. तिथल्या बाईनं बसायला सतरंजी टाकली, पोहे करते म्हणाली, तेव्हा संतोषच आधी पळाला.

शेवटी एका घरावर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी दिसली. मंदाकाकूंचं घर. काकू पन्नाशीच्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या. त्यांचा नवरा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला. आम्ही तिथंच मुक्काम हलवला. (माणशी हजाराच्या आत दोन वेळचं जेवण आणि राहणं झालं. सुरमई खाऊन संतोषनं डोळे मिटले. आक्कांनी बांगड्याचा एक घास घेतला, मला हळूच म्हणाल्या, “चव हाय, पन काट्यानं काम वाढतंय,” आणि गाठोडं सोडलं.)

दुपारी उशिरा मी काकूंना खिडकीचं विचारलं. त्यांचा चेहरा बदलला.

“मागच्या खोलीत आहे एक. तिथनं अख्खं बंदर दिसायचं. पण ती बंद आहे.”

मागच्या खोलीत गेले. भलीमोठी लाकडी खिडकी, तिच्यावर आडव्या दोन फळ्या आणि खिळे. खिडकीच्या फटीला डोळा लावला, तर उन्हात चमकणारं पाणी आणि रंगीत होड्यांची रांग. मला हवा असलेला फोटो त्या फळ्यांच्या पलीकडं तयार होऊन उभा होता.

“फळ्या कशाला हो?”

काकूंनी सांगितलं ते असं. खिडकीखाली धाकट्या जावेचं, लीलाकाकूंचं अंगण. तिथं जाऊबाईंनी सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, वाळत घातली होती. मंदाकाकूंच्या हातून खिडकीतून भांड्याचं पाणी खाली पडलं. लीलाकाकू म्हणाल्या, फेकलंस. या म्हणाल्या, सांडलं. शब्दाला शब्द वाढला. “माझ्या खिडकीवरनं बोलतेस? घे, खिडकीच नको!” म्हणून यांनी फळ्या ठोकून घेतल्या. त्याला कित्येक वर्षं झाली. जावा बोलत नाहीत. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, रोज एकाच होडीतून समुद्रावर जातात.

“मग होडीत ते दोघं बोलतात?” मी विचारलं.

“बोलायला लागतंच गो. नाहीतर जाळं कोण ओढील?”

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही. कुणाच्या भांडणात माझा फोटो कशाला घुसवायचा? मी कॅमेरा पिशवीत ठेवला. पण आक्का खाली बसल्या, काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाई, ही पोरगी काल बादलीवरून पडली. आमी फुलंब्रीवरून आलोय, सारखं येनं व्हत नाय. उघड एकडाव. पुन्हा ठोक. खिळं मी धरते.”

मंदाकाकू हसल्या. मग गंभीर झाल्या. मग म्हणाल्या, “ती या वेळी मासळीच्या लिलावाला गेलेली असते. फोटो झाला की लगेच बंद.”

त्यांचं वाक्य संपायच्या आत काका दारात उभे होते. हातात पक्कड आणि हातोडी. त्यांना कुणी हाक मारली नव्हती. खिळे गंजलेले, पण काका घामाघूम होऊन एकेक उपटत होते, आणि त्यांच्या तोंडावर जत्रेला निघालेल्या माणसाचा आनंद होता.

फळ्या निघाल्या. काकूंनी कडी काढली, दोन्ही दारं ढकलली. उजेड आत कोसळला. दर्यावर होड्या, त्यांच्यावर फडफडणारे झेंडे, लांब पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला. आणि बरोब्बर खाली, अंगणात, हातात सुपली घेऊन वर बघणाऱ्या लीलाकाकू. त्या दिवशी त्या लिलावाला गेल्याच नव्हत्या.

माझं बोट बटणावर अडकलं. मला वाटलं, आता हे प्रकरण माझ्यामुळं पेटणार आणि आम्हाला आल्या पावली निघावं लागणार.

मंदाकाकू खिडकीत वाकल्या.

“सांडलं होतं,” त्या म्हणाल्या.

लीलाकाकूंनी सुपली काखोटीला मारली. मग, “फेकलं होतंस.”

“सांडलं! पातेलं जड होतं!”

“जड पातेलं बरं माझ्या सोड्यांवरच आलं!”

आणि जे सुरू झालं ते थांबेना. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर निघत होतं. बारशाचं आमंत्रण, पाटा-वरवंटा, आवळ्याचं झाड. मी मागून “काकू, जरा डावीकडं…” म्हणत होते. “थांब गो!” एवढंच उत्तर मिळत होतं. बाहेर ऊन कलत होतं, होड्या लिलावासाठी काठाला येत होत्या, बंदराचा सर्वांत देखणा प्रकाश पडला होता आणि माझ्या खिडकीत मंदाकाकूंची पाठ होती.

मग खालून लीलाकाकूंचा आवाज चिरकला. “तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मला बाजारात कळलं! बाजारात!”

“मग आली का नाहीस बघायला?”

“खिडकी बंद होती!”

“अगं, दार होतं ना!”

मंदाकाकूंनी डोळ्याला पदर लावला आणि दुसरा हात उगारून ओरडल्या, “चहा ठेवते. येतेस का तिथंच उभी राहून वाळतेस?” त्या उगारलेल्या हाताच्या क्षणी मी बटण दाबलं.

(फोटो काढणाऱ्यांसाठी: आत काळोख, बाहेर झगझगीत उजेड असतो. कॅमेऱ्याचं मोजमाप बाहेरच्या उजेडावर ठेवा. खिडकी आपोआप काळी पडते आणि चौकट मिळते. आतल्या माणसांना बाजूला सरकवायची युक्ती मला ठाऊक नाही.)

लीलाकाकू पुढच्या दारानं आल्या. चहा झाला, भांडण चहाबरोबर चालूच होतं. काकांनी सगळे खिळे गोळा करून संतोषच्या हातात ठेवले. “तुमच्याकडं घेऊन जा. इथं राहिले तर धोका आहे.”

संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव पाहिला. बघाच. आक्का बोली बोलणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि पापलेटच्या टोपलीचा आकडा ऐकून मोठ्यानं म्हणाल्या, “एवढ्यात तर दोन दात आलेला बोकड येतो!” लिलाव थोडा वेळ थांबला.

घरी

परतीला पुण्याच्या पुढं आल्यावर आक्का म्हणाल्या, “पाणी चांगलं व्हतं. पन त्या बाया लई चांगल्या व्हत्या.”

फोटो ग्रुपवर टाकला. काळी चौकट, मधोमध अंबाडा आणि उगारलेला हात, कोपराखालच्या त्रिकोणात सुपली घेतलेल्या लीलाकाकू, मागं उरलेल्या जागेत दीड होडी. सरांचा शेरा आला: “चौकट उत्तम. बंदर कुठं आहे?” मी वाद घातला नाही. तोच फोटो मंदाकाकूंना पाठवला.

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. लीलाकाकू.

“फोटो बघितला. ही एवढी मोठी आली आणि मी एवढीशी? पुन्हा या. या वेळी माझ्या खिडकीतून काढा.”

मी खूश झाले. म्हटलं, “येते की. तुमच्या खिडकीतून बंदर कसं दिसतं?”

“बंदर नाही हो दिसत,” त्या म्हणाल्या. “ही दिसते.”