वाकडं तोंड

काल ताईनं माझ्या कारल्याच्या भाजीचा घास घेतला आणि चक्क तोंड वाकडं केलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वर्षापूर्वी आजारपणात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. हसू उजवीकडेच ओढलं जायचं. तेव्हापासून ‘तोंड वाकडं करू नकोस’ हे आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बारीक सुईनं इंजेक्शनं दिली, तीही धडधाकट बाजूला! जोरकस बाजू जराशी सैल पडली की दुबळीला बरोबरीनं हसता येतं. माणसांना हे कधी कळणार?

“एवढं सरळ करून आणलेलं तोंड,” ताई म्हणाली, “तुझ्या कारल्यानं पुन्हा वाकडं केलं गं!”

मी तिला आणखी डावभर भाजी वाढली.