विसरभोळ्यांचं माहेर

गल्लीत कुणाचंही कुलूप बसवलं की चावीवाले काका एक जादा चावी कापून आपल्या दुकानातल्या फळीवर अडकवायचे. न विचारता, चाळीस वर्षं. कारखान्यातून दमूनभागून आलेली माणसं किल्ली विसरायचीच. त्या फळीला सगळे 'विसरभोळ्यांचं माहेर' म्हणायचे. कुणाच्या घरातली वाटीसुद्धा कधी हलली नाही.

मग कारखाना बंद पडला, जुनी घरं पाडून फ्लॅट आले, शेजारी पांगले. काका-काकू मात्र नव्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत राहिले. नव्या कमिटीने खोली आणि दुकान ठेवू दिलं. नवी मंडळी दुकानाचे फोटो काढत.

"शोभेची वस्तू झालात हो," काकू म्हणायच्या. "आता फक्त हलू नका."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कुलूप बसवायला बोलावलं, तेव्हा काकांना कोण आनंद झाला! आठवड्याने त्याच बाई धावत दुकानात आल्या. दार ओढलं गेलेलं, चावी आत, गॅसवर दूध. काकांनी फळीवरची चावी घेतली, गुडघे विसरून जिने चढले, दार उघडलं, गॅस बंद केला. आता चहा तरी विचारतील, असं वाटून ते क्षणभर थांबले.

"माझ्या घराची चावी तुमच्याकडे कशी?"

"असतेच की, बाई. सगळ्यांचीच असते."

भलेपणाने बोलायला गेले आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणून बसले. संध्याकाळी कमिटी बसली. फळी उचलून नेली, दुकानाला टाळं लागलं. खोलीत राहायची मेहेरबानी झाली, पण फाटकाला आकड्यांचं कुलूप बसलं आणि आकडे काकांना सांगायचे नाहीत, असं ठरलं. सोडून जावं तर पोरंबाळं नाहीत, ऐपत नाही. राहावं तर हे असं. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी काका भाजी घेऊन आले. फाटकावरचा वॉचमन याच गल्लीतला, पूर्वीचा गवंडी. चार वेळा किल्ली हरवून रात्री-अपरात्री त्याने काकांना उठवलं होतं.

"काका, माफ करा. वरून हुकूम आहे," तो म्हणाला आणि कुलुपावर हाताचा आडोसा धरून आकडे दाबू लागला.

त्याला अवघड वाटू नये म्हणून काकांनी स्वतःच तोंड रस्त्याकडे फिरवलं.