राजाची तब्येत सुधारली

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा, नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसानं असा गाढवपणा करावा? पण केला!

माझा भाचा परभणीला असतो. देवगाव फाट्यावर गाडीची धडक बसलेलं एक म्हातारं तांबडं कुत्रं त्यानं उचललं आणि आणून थेट आमच्या दारात सोडलं. मागचे पाय लटपटणारे, उजव्या डोळ्यात पांढराशुभ्र मोतीबिंदू, बरगड्या तर लांबून मोजता याव्यात.

"मामा, दोन महिने सांभाळा. गोळ्या द्या, पायाला तेल चोळा, वजन वाढवा. बास!"

माझ्या बायकोनं, सुमननं, त्याचं नाव ठेवलं राजा. लय जीव लावला हो तिनं! माझ्या भाजीत मीठ विसरायची, पण राजाच्या भातात दूध विसरायची नाही. मग लेकीच्या बाळंतपणाला ती नांदेडला निघाली. एसटीत चढताना डोळ्यांत पाणी. मला वाटलं, माझ्यासाठी.

"अहो, माझ्या राजाला जपा. त्याला काई झालं तर मला तोंड दाखवू नका. आन् तुमच्या डोळ्यांचं तेवढं बघून घ्या."

मलाही मोतीबिंदू होता ना! दोन्ही डोळ्यांत. पण म्हणलं, आधी कुत्र्याचं, मग माझं.

सोमवारी बाजारात तीळतेल आणि लसूण घ्यायला गेलो, राजाला सोबत नेलं. चहाच्या टपरीच्या खांबाला बांधलं. परत येऊन बघतो तर दोरी मोकळी आणि राजा शेजारीच झोपलेला. "शहाणा रे माझा!" म्हणलं, दोरी गळ्यात अडकवली आणि घरी आणला.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून तेलाचा गुण! लटपटणारं कुत्रं ताडताड चालायलंय. चौथ्या दिवशी मांजरामागं पळालं. डोळा बघितला, तर स्वच्छ! पंधरवड्यात पोट सुटलं. मी रोज सुमनला फोन लावायचो, "राजाचं वजन वाढायलंय गं!"

तुम्ही म्हणाल, तेल चोळताना काहीच कसं दिसलं नाही? अहो, मी टीव्हीवरच्या बातम्या बघत चोळायचो!

गावात बोभाटा झाला. भजनी मंडळाचे अध्यक्ष किसनराव आपल्या आईला घेऊन आले. "गुरुजी, मायचे गुडघे धरलेत. कुत्र्याचं तेल द्या की थोडं." दिलं. म्हातारी दोन दिवसांत देवळापर्यंत चालत गेली. मग काय, दारात बाटल्या घेऊन रांग! फक्त शेजारची पार्वताक्का फिरकायची नाही. मला बघितलं की धाडकन दार लावायची. म्हणलं, जळायलीय.

शेवटी मंडळानं माझा सत्कार ठरवला. मारुतीच्या पारावर सतरंजी, माईक, हार, सगळा थाट. नेमकी त्याच दिवशी सुमन परत आली, ती पिशवीसकट थेट पारावर. किसनराव माझ्या खांद्यावर शाल घालायलेत, मी माईकवर "विज्ञानाच्या कसोटीवर" म्हणून सुरू केलंय, तेवढ्यात राजा सतरंजीखाली शिरून कण्हायला लागला.

सुमननं सतरंजी उचलली. महिनाभर बाळंतपण करून आलेली बाई ती!

"अहो, भाषण थांबवा. कुनी तरी कोमट पाणी आणा."

"का? काय झालं राजाला?"

"राजा बाळंत व्हायलाय!"

माईक चालूच होता. सगळ्या गावानं ऐकलं. चार पिल्लं झाली. माझी शाल बाळंतिणीच्या अंगावर गेली.

मग सुमन माझ्याकडं वळली. "माझा राजा कुठाय?"

म्हातारं, आजारी, एका डोळ्याचं जनावर, आणि मी त्याला बाजारात सोडून आलो होतो! महिना झाला होता. भर पारावर, गळ्यात हार घालून, मी रडायला लागलो.

"आता रडायलात व्हय गुरुजी?" मागून पार्वताक्का कडाडली. "बिचारं त्या बाजाराच्या दिवशीच हळूहळू चालत घरी आलं. तुमच्या दारात दुसरं कुत्रं बघून माझ्या ओसरीवर बसलं. मला वाटलं, म्हातारं झालं म्हून हाकललं तुमी! तवापासून मीच दूध-भाकरी कुस्करून घालायलेय."

आणि तिच्या मागून लटपटत राजा आला. एवढ्या गर्दीत, एका डोळ्यानं, सरळ माझ्यापाशी आला आणि माझ्या पायावर डोकं टेकून बसला. लाज वाटली हो मला. सुमन त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. किसनरावांची आई तेवढी म्हणाली, "कुत्रा असू द्या न्हाई तर कुत्री, माझी बाटली भरून द्या."

पुढच्याच आठवड्यात सुमननं मला ऑपरेशनला नेलं. वॉर्डात आम्ही दहा-बारा म्हातारे, सगळ्यांच्या डोळ्यावर पट्टी, सगळ्यांना सारखे हिरवे कपडे. घरी सोडायच्या वेळी तिचा आवाज ऐकला आणि मी हाक मारली, "सुमन, अगं मी इकडं हाय!"

ती सिस्टरला म्हणाली, "बाई, नाव-गाव नीट बघून द्या. आमच्या घरात बदलून आणायची सवय हाय."