चिंचेने घासलेलं दहाचं नाणं

ठाण्यातल्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. मला म्हणजे कल्याणच्या बाजारात तीस वर्षं नारळ विकणाऱ्या माणसाला, ज्याच्यापुढे ट्रकवालेसुद्धा दोनदा मोजून माल उतरवतात. पैशाचं मी सोडूनही दिलं असतं. पण त्याच्या एका वाक्यावर मी चार लोकांत बायकोला नको ते बोललो, आणि ते काही केल्या सुटत नाही.

सुरुवात मी हातगाडीवर केली. आता दुकान आहे, कोपरला फ्लॅट आहे. मध्यंतरी दहाचं नाणं कोणी घेईना. रिक्षावाले सरळ परत करायचे, बंद झालं म्हणायचे. मी मात्र सगळ्यांकडून घेत गेलो. सरकारी नाणं, बंद कशाने होईल? गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि नाण्यांच्या पिशव्या बँकेत जायच्या आधी घरी यायच्या. दुपारी जेवणं उरकली की बायको जमिनीवर चादर पसरून बसायची आणि एकेक नाणं भिंगाखाली धरायची. टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं हौशी लोक मोठ्या किमतीला घेतात, हे तिने मोबाइलवर पाहिलेलं.

"सापडलं का घबाड?" मी चिडवायचो.

"तुम्ही नारळ कानाशी धरता तेव्हा मी बोलते का? गप बसा, चुकतं माझं."

चार वर्षांत किरकोळ पाच-सहा सापडली. मग एका दसऱ्यानंतर तिचा दुकानात फोन आला आणि ती नुसती हसतच राहिली. दहाच्या नाण्यात मधे पांढरा गोल असतो, तो ह्या नाण्यात मधोमध नव्हताच. कपाळावरची टिकली घामाने घसरावी तसा एका अंगाला जाऊन पिवळ्या कड्यावर चढलेला.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला गल्ल्यातली नाणी चिंच-मिठाने घासून, दुधाने धुऊन ताटात मांडतात. माझ्या आईची रीत. बायकोने ते नाणंही घासलं आणि सगळ्यांत वर ठेवून कुंकू लावलं. मी समोर बसून हात जोडले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी असा वागलो जणू त्या दिवशी मी घरातच नव्हतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघं ठाण्याला गेलेलो. त्या व्यापाऱ्याने नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं.

"धुतलंय हो हे. चिंच लावलीत ना?"

"पूजेसाठी," बायको म्हणाली.

"वहिनी, काय केलंत हे! लाखातलं नाणं होतं. आता दहाचं दहाच."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. माझं डोकं फिरलं. "अगं, अक्कल गहाण टाकलेली का तुझी? चार वर्षं डोळे फोडलेस आणि शेवटी भांडी घासतात तसं घासून ठेवलंस!" एक जण हसला. ती पर्सची चेन उघडत-लावत राहिली. व्यापारी तीनशे म्हणाला, मी भांडून पाचशे घेतले आणि वर जिंकल्यासारखा बाहेर पडलो.

त्यानंतर तिने एकही नाणं हातात घेतलं नाही. पिशव्या येतात तशाच बँकेत जातात.

चार महिन्यांनी डोंबिवलीत एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन लागलं. मी एकटाच गेलो. त्याच व्यापाऱ्याच्या टेबलावर, काचेखाली, आमचं नाणं. कड्याच्या खाचेत कुंकवाचा बारीक लाल कण अजून होता. शेजारी चिठ्ठी: उत्तम स्थिती, चौदा हजार.

"चिंचेने वाट लागलेली ना ह्याची?" मी ओरडलोच.

तो शांत. "शेठ, धुतल्याने थोडी किंमत उतरते, खोटं नाही बोललो. आणि घेणारा मालाला नावं ठेवणारच. तुम्ही नाही ठेवत?"

ठेवतो. नारळ उचलला की पाणी कमी आहे, साल जाड आहे, आधी हेच तोंडातून निघतं. त्याशिवाय भाव खाली येत नाही. तो डाव मी जन्मभर खेळलो आणि समोरच्याने खेळला तेव्हा मला ओळखूही आला नाही. पण मी नारळाला नावं ठेवतो. विकणाऱ्याच्या घरच्या बाईने वाटोळं केलं, असं सांगून भाव पाडत नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती माझ्याबरोबर त्याला चार शिव्या देईल. ती कणीक मळत होती.

"त्याने फक्त चिंच म्हटलं, अहो. बाकीचं तुम्ही म्हणालात."

माझ्या वाटणीचा जबाब मी तिला कधीतरी देईन, द्यावाच लागेल. पण आधी त्या माणसाने कोपरला यावं, माझ्या घरात तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, की तिने नाण्याचं वाटोळं केलेलं नव्हतं हे ठाऊक असताना त्याने तिच्याकडे बोट का दाखवलं. नाणं ठेव म्हणावं तुलाच. ह्याचा जबाब दे.